घरखर्चातून पहिलं भांडवल: महिन्याचे दोन हजार निघतात कुठून आणि जातात कुठे?



व्यवसाय सुरू करायचाय, पण अडलंय कुठे, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "भांडवल नाही." आणि मग गाडी थेट कर्जावर जाते. कोणती योजना, किती सबसिडी, कोणती बँक पटकन देते. कर्जाचं आपण बोलणारच आहोत, पण त्याआधी एक घर नीट बघून घेऊ. तुमचंच घर. कारण चकली, मसाले, डबे, शिवणकाम, नर्सरी असं काहीही लहान प्रमाणात सुरू करायला जे पहिले वीस-पंचवीस हजार लागतात, ते वर्षभरात घरखर्चातून उभे राहू शकतात. व्हिडिओत आकडे पटपट निघून जातात, म्हणून इथे ते सावकाश मांडूया. वही-पेन घेऊन बसा.

पहिल्यांदा हे पैसे उभे न केल्याची किंमत काय पडते ते बघा. गावात शेकडा तीनने पैसे सहज मिळतात. शेकडा तीन म्हणजे महिन्याला १०० रुपयांवर ३ रुपये. ऐकायला किरकोळ वाटतं. २४,००० रुपये घेतले तर महिन्याचं नुसतं व्याज ७२० रुपये. वर्षाचं ८,६४० रुपये, आणि मुद्दल आहे तिथेच. लहान धंद्यात पहिल्या वर्षी नफाच किती होतो? त्यातले साडेआठ हजार असे गेले तर दुसऱ्या वर्षी तुम्ही धंदा करत नसता, हप्ता फेडत असता.

मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांची हीच गत होती. गिरणी कामगारांना डबा पुरवायच्या, दिवसभर चुलीपुढे राबायच्या, पण धान्य वाण्याकडून उधारीवर. उधारीचा भाव चढा, वर सावकाराचं व्याज वेगळं. कष्ट यांचे आणि कमाई दुसऱ्याची. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं, ते याच गळ्याच्या फासातून सोडवायला. त्यांच्या हाताला चव होतीच. कमी पडत होती ती रोख रक्कम, माल रोखीने घ्यायची ताकद. घरातली बचत आपल्याला नेमकी तीच ताकद देते.

आधी कॅलेंडर काढा

आपल्या घरात हिशेबाची वही नसेल, पण भिंतीवर कॅलेंडर असतं. त्यावर दुधाचा खाडा मांडलेला असतो, सिलेंडर लावल्याची तारीख असते, कुठे पेपरवाल्याचे पैसे दिल्याची खूण. आपल्या आयांनी चालवलेलं हे अकाउंटिंगच आहे. फक्त महिना संपला की पान उलटतं आणि हिशेब तिथेच राहतो.

या महिन्यात एवढंच करा. खर्च कमी करायचा नाही, काही बंद करायचं नाही. फक्त लिहायचं. दहा रुपयांच्या वर जे काही गेलं ते रात्री जेवण झाल्यावर वहीत. युपीआयने दिलेलं मोबाईलमध्ये दिसतंच, पण तेही वहीत उतरवा. हाताने लिहिलेला आकडा टोचतो, स्क्रीनवरचा टोचत नाही. घरातल्या प्रत्येकाचा खर्च त्यात आला पाहिजे. "माझं काय लिहायचं, माझं फारसं नसतं," असं म्हणणारा एक मेंबर प्रत्येक घरात असतो. त्याचा आधी लिहा.

महिनाअखेरीस चार पेनांनी चार रंग करायची गरज नाही. एकच प्रश्न विचारा: यातला कोणता खर्च झाला नसता तर घरात कुणाच्याही लक्षात आलं नसतं? त्यावर गोल करा. तुमची बचत त्या गोलांत आहे.

गॅस: मापायची सवय लावणारा खर्च

घरगुती सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. किंमत सध्या ९०० रुपये धरू, तुमच्या गावचा आकडा घाला. समजा चौघांच्या घरात तो ३० दिवस जातो. म्हणजे वर्षाला १२ सिलेंडर. तोच ३६ दिवस गेला तर वर्षाला १० लागतात. दोन सिलेंडर वाचले, १,८०० रुपये. महिन्याला दीडशे.

३० चे ३६ कसे होतात? डाळ-तांदूळ शिजवण्यापूर्वी अर्धा तास भिजत घाला, छोले-राजमा-वाटाणे रात्रीच. भिजलेलं कडधान्य निम्म्या वेळात मऊ होतं. कुकरला प्रेशर आलं की गॅस बारीक. पातेल्यात उकळी फुटल्यावरही तेच. पाणी एकदा उकळायला लागलं की मोठ्या आचेने ते जास्त गरम होत नाही, वाफ होऊन स्वयंपाकघरात जातं एवढंच. झाकण ठेवा. फ्रिजमधलं दूध, भाजी तासभर आधी बाहेर काढा (उन्हाळ्यात दुधाच्या बाबतीत जरा जपून). कुकरमध्ये डब्यावर डबा लावून वरण, भात आणि बटाटे एकदमच. आणि बर्नरकडे बघा. ज्योत निळी हवी. पिवळी येत असेल आणि भांड्याचं बूड काळं होत असेल तर गॅस नीट जळत नाहीये. बर्नरची भोकं पिनने साफ करा.

आता तुम्ही म्हणाल, एवढी मेहनत करून महिन्याला दीडशेच? बरोबर आहे. पैशाच्या दृष्टीने ही आपल्या यादीतली सगळ्यात लहान रकमांपैकी एक. तरी ती मुद्दाम पहिली घेतली, कारण ज्या घराला आपला सिलेंडर किती दिवस जातो हे ठाऊक असतं, त्याच घराला उद्या एक किलो चकली तळायला किती गॅस लागला हे सांगता येतं. खाद्यपदार्थांच्या धंद्यात निम्मे लोक हा आकडा अंदाजाने टाकतात आणि नफा कुठे गेला म्हणून शोधत बसतात.

वाणसामान

इथे जरा थांबूया, कारण इथे पैसा आहे.

यादी न करता दुकानात गेलात, विशेषतः टोपली हातात देणाऱ्या मोठ्या दुकानात, तर तुम्ही दुकानदाराच्या यादीने खरेदी करता. घरून डबे बघून यादी करायची, डब्यात काय उरलंय ते शेजारी लिहायचं. "साबुदाणा: पाव किलो आहे." याला धंद्यात स्टॉक घेणं म्हणतात, पण आपल्या आजीने त्याला काही नाव न देताच केलं.

मोठं पाकीट स्वस्तच पडतं हा एक पक्का समज. नेहमी खरा नसतो. शाम्पूची पुडी अनेकदा बाटलीपेक्षा मिलिलिटरमागे स्वस्त पडते. तेलाची पिशवी एक लिटरची समजून उचलतो आणि घरी येऊन वाचलं तर आत कमी ग्रॅम असतात. पाकिटांवर आता ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किती पैसे पडतात ते छापलेलं असतं, बारीक अक्षरात, एमआरपीच्या आसपास. तुलना त्या आकड्याची करा. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, हेही लक्षात असू द्या. किलोचा भाव आणि लिटरचा भाव शेजारी ठेवून फसणारे खूप आहेत, आणि त्यात धंदा करणारेही आहेत.

मग बेगमी. गहू, डाळ, मिरची, हळद हे नवं पीक बाजारात आलं की घेऊन, उन्हं दाखवून, भरून ठेवायचं ही आपल्याकडची जुनी पद्धत. तूर डाळ साधारण जानेवारी ते मार्च, गहू आणि लाल मिरची उन्हाळ्यात. गव्हात कडुनिंबाचा पाला, डाळीला एरंडेल तेलाचा हात. यात पैसे वाचतात, शंकाच नाही. पण दोन अटी आहेत. जागा कोरडी हवी, नाहीतर पावसाळ्यात पोरकिडे वाचलेले पैसे खाऊन टाकतात. आणि बेगमी उधारीवर किंवा कर्जाने करायची नाही. शेकडा तीनने पैसे काढून वर्षाचे गहू भरले तर स्वस्त गहू महाग झाले. हातात रोकड नसेल तर वर्षाची नको, तीन महिन्यांची करा. सगळा पैसा पोत्यात अडकून बसला आणि मुलाच्या फीला हात पसरावा लागला, असं होता कामा नये. धंद्यातही हेच: गोदाम भरलेलं आणि गल्ला रिकामा, अशी दुकानं चालत नाहीत.

वाया जाणाऱ्याचं काय? आठवडाभर ओल्या कचऱ्याच्या बादलीत काय काय पडतं ते बघा. पिवळी पडलेली कोथिंबीर, मऊ पडलेल्या काकड्या, आंबलेला भात. भाजी आठवड्याची एकदम आणायची तर पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, फळभाजी नंतर, कांदा-बटाटा-कडधान्य शेवटी, एवढा क्रम पाळला तरी बादली हलकी होते. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात. कालच्या पोळीचा कुस्करा, भाताला फोडणी, भाकरीचा काला. रोज लिटरभर म्हशीचं दूध येणाऱ्या घरात साय साठवली तर महिन्याला अर्धा किलो तूप सहज निघतं. बाजारातून आणायचे तीनशे-साडेतीनशे रुपये तिथे वाचले, आणि ताक मिळालं ते वेगळंच.

एक सांगायचं राहिलं. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणं म्हणजे बचत असं ज्यांना वाटतं त्यांनी ते सोडून द्यावं. कोथिंबिरीच्या जुडीत दोन रुपये सोडवून घेतो आणि त्याच संध्याकाळी तीनशे रुपयांचं पार्सल मागवतो. शिवाय उद्या गिऱ्हाईकापुढे तुम्ही उभे असणार आहात. तेव्हा भाव पाडणाऱ्याकडे कसं बघायचं ते आजच त्या बाईकडून शिका.

वीज, आणि दिव्यांचं बटण

खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा, हे लहानपणापासून ऐकलंय. करा. पण एलईडी दिवा ९ वॉटचा असतो. तो चार तास उगाच जळला तर फार काही बिघडत नाही. बिल वाढवणारी मंडळी दुसरी आहेत.

१,००० वॉट तासभर चाललं की एक युनिट. त्या हिशेबाने २,००० वॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट, महिन्याला ३०. जुना पंखा साधारण ७५ वॉटचा. दिवसाला १५ तास चालला तर महिन्याला ३४ युनिट. नव्या बीएलडीसी पंख्याला ३० वॉटच्या आसपास लागतात, म्हणजे महिन्याला १३-१४ युनिट. एका पंख्यामागे वीस युनिट वाचले. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी समजा १० वॉट ओढत राहिला, तर महिन्याला सात युनिट नुसते बसल्याबसल्या. त्याचं बटण भिंतीवरून बंद करा.

महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिल्या १०० युनिटना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त, पुढे आणखी. तुमचा वापर १३० असेल आणि २० युनिट वाचवले, तर ते वाचलेले सगळे महाग टप्प्यातले असतात. म्हणून हिशेब सोपा जावा म्हणून युनिटला दहा रुपये धरले तरी महिन्याला दोनशे सुटतात. बिलावर लवकर भरणा केल्यास किती रक्कम, तेही छापलेलं असतं. ते पैसे का सोडायचे?

पण घरातले चारही पंखे आज बदलायला निघू नका. पंख्याला अडीच-तीन हजार मोजावे लागतात, ते वसूल व्हायला एक-सव्वा वर्ष लागतं. सगळ्यात जास्त फिरणारा एक बदला, बाकीचे बिघडतील तेव्हा. पैसे घालायचे आणि किती दिवसांत परत येतात ते मोजायचं, हे उद्या मशीन घेताना तुम्हाला रोज करायचंय.

दोन हजारांची बेरीज

एका घराचा हिशेब मांडू. गॅसचे १५०. विजेचे २००. वाणसामान, तूप आणि न सडलेली भाजी मिळून ४००. महिन्यात चार वेळा बाहेरून मागवत होतो ते दोन वेळा केलं, ६००. मोबाईलचे रिचार्ज आणि कुणी बघत नसलेलं ओटीटी, १५०. बाहेरचा चहा-वडापाव रोजऐवजी दिवसाआड, ५००. झाले २,०००. वर्षाचे २४,०००.

या यादीत नीट बघा. सगळ्यात जास्त कटकट ज्या गोष्टीची, ती गॅस, तिथे १५०. आणि जिथे काहीच करायचं नाही, फक्त दोन फोन करायचे नाहीत, तिथे ६००. काटकसर म्हटलं की आपण स्वयंपाकघरातल्या बाईकडे बघतो. पैसा बराचसा उंबऱ्याबाहेर जात असतो.

आणि म्हणून हे स्पष्ट लिहायलाच हवं. बऱ्याच घरांत काटकसर म्हणजे आईने स्वतःचं दूध बंद करायचं, शिळं स्वतःच्या ताटात घ्यायचं, गुडघा दुखतोय तरी डॉक्टरकडे जायचं पुढच्या महिन्यावर ढकलायचं. घरातला गुटखा मात्र चालू. याला बचत म्हणू नका. एकाच्या अंगावरून काढलेले पैसे पुढे दवाखान्यात व्याजासकट जातात. तसंच, आरोग्य विम्याचा हप्ता, मुलांचं खाणं, चष्मा, दुचाकीची सर्व्हिसिंग, गॅसची नळी यांना हात लावायचा नाही. नळीवर मुदत छापलेली असते. संपली असेल तर आजच बदला.

वाचले, मग गेले कुठे?

आता खरा मुद्दा. काटकसर करणारी घरं कमी नाहीत. वर्षाअखेरीस हातात काही नसणारी घरंही तितकीच. दीडशे गॅसचे वाचले, दोनशे विजेचे वाचले, पण ते वाचून राहिले कुठे? त्याच खात्यात, त्याच पाकिटात. तिथून लग्नाच्या आहेरात, सेलमध्ये, भाच्याच्या वाढदिवसाला. वाचलेल्या पैशाला स्वतःचं घर नसलं की तो पाहुण्यासारखा येतो आणि जातो.

यावर आमचा नियम एकच आहे: ज्या दिवशी वाचला त्या दिवशी हलवा. पार्सल मागवायचं ठरलं होतं आणि पिठलं-भाकरी केली, तर जेवण झाल्यावर लगेच ३०० रुपये दुसऱ्या खात्यात. वीज बिल मागच्यापेक्षा १८० ने कमी आलं, बिल भरलं त्याच मिनिटाला १८० तिकडे. हे दुसरं खातं वेगळ्या बँकेत हवं आणि त्याला युपीआय जोडायचं नाही, एटीएम कार्ड कपाटात. पैसे आत जायला सोपे आणि बाहेर यायला अवघड, असं ते खातं असलं पाहिजे.

खातं कुणाच्या नावावर? जी व्यक्ती धंदा करणार तिच्या. ताईंनो, हे तुमच्यासाठी. डाळीच्या डब्यात, साडीच्या घडीत पैसे ठेवायची सवय किती घरांत होती ते नोव्हेंबर २०१६ मध्ये ५०० आणि १,००० च्या नोटा बंद झाल्या तेव्हा कळलं. कितीजणींना तो डबा सगळ्यांसमोर उघडावा लागला. बँकेतल्या पासबुकावर तुमचं नाव असतं, आणि उद्या कर्जाला गेलात तर तेच पासबुक तुमच्या बाजूने बोलतं. दर महिन्याला न चुकता दोन हजार भरणारं खातं बघून शाखाधिकाऱ्याला जे कळतं ते प्रोजेक्ट रिपोर्टच्या वीस पानांतून कळत नाही.

शिस्त राहत नसेल तर बँकेत एक वर्षाचं रिकरिंग लावा. पोस्टाचं आरडी चांगलं आहे, महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होतं, पण त्याची मुदत पाच वर्षांची. वर्षभरात लागणाऱ्या भांडवलाला ते सोयीचं नाही. पतसंस्था जास्त व्याज देते म्हणून सगळे पैसे तिथे टाकण्याआधी एवढं माहीत असू द्या, की बँकेतल्या ठेवींना एका बँकेत माणशी ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसतं. भिशी ओळखीच्या दहा-बारा जणांत असेल तर मशीन घेण्यापुरती ठीक. पण सगळं भांडवल भिशीत नको, आणि दामदुप्पट सांगणाऱ्याच्या दारात तर उभंही राहू नका.

बचत गटात असाल तर तुम्ही दोन पावलं पुढेच आहात. गटाची पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. त्यातलं शेवटचं सूत्र घरात आणलं की आपलं निम्मं काम झालं.

या २४ हजारांचं काय होतं?

दोन गोष्टी होऊ शकतात. पहिली: याच पैशांत लहान सुरुवात. वजनकाटा, पाकिटं बंद करायचं हाताचं सीलिंग मशीन, पिशव्या, लेबलं, आणि पहिल्या दोन घाण्यांचा कच्चा माल रोखीने. दिवाळी फराळासारख्या हंगामी कामाला एवढ्यात हात घालता येतो. लिज्जत पापडची सुरुवात १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी केली तेव्हा हातात होते ८० रुपये, तेही उसने. छगनलाल करमसी पारेख यांनी त्यांना पहिल्यापासून हिशेब चोख ठेवायला लावला. ८० रुपयांची गोष्ट सगळे सांगतात, हिशेबाची कुणी सांगत नाही.

दुसरी: कर्ज घ्यायचंच असेल तर तुमचा स्वतःचा हिस्सा. पीएमईजीपीमध्ये प्रकल्पाच्या १० टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते, महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी अशा विशेष गटांना ५ टक्के. अन्नप्रक्रियेच्या पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के अनुदान मिळतं, पण तिथेही स्वतःचे किमान १० टक्के लागतातच. २४ हजार हा दोन लाख चाळीस हजारांच्या प्रकल्पाचा १० टक्के हिस्सा झाला. मुद्राच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, पण निम्मे पैसे तुमचे असतील तर ५० हजारांचं कर्ज २५ वर येतं आणि हप्ताही निम्मा होतो. सबसिडी म्हणजे फुकटचे पैसे समजून आधी मशीन बुक करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

धंदा सुरू झाला की मात्र घर आणि धंदा यांची चूल वेगळी. घरगुती सिलेंडर धंद्याला वापरायचा नाही, ते नियमात बसत नाही. व्यावसायिक १९ किलोचा वेगळा घ्या. आणि हिशेबासाठीही ते वेगळं असलेलंच बरं. घरातलं तेल दोन पळ्या, घरातला गॅस थोडासा, मुलाने केलेली डिलिव्हरी, हे सगळं न धरता चकलीचा भाव काढला की वहीत नफा दिसतो आणि घरखर्च मात्र वाढलेला. वाचवलेले दोन हजार धंदाच मागच्या दाराने परत खातोय हे सहा महिने कळतही नाही. तळताना दहा किलोत सहाशे ग्रॅम तुकडा पडला तर तो सहा टक्के माल आहे. घरच्यांनी चहाबरोबर खाल्ला तरी तो फुकट नव्हता.

पुढच्या भागात एक किलो चकलीचं पूर्ण कॉस्टिंग घेऊ: भाजणी, तेल, गॅस, पाकीट, तुकडा आणि तुमचे तास. त्याआधी तीन गोष्टी वहीत हव्यात. घरचा सिलेंडर लावल्याची आणि संपल्याची तारीख, महिन्याला लागलेलं तेल लिटरमध्ये, आणि दुसऱ्या खात्यात या महिन्यात किती वेळा पैसे गेले तो आकडा. रक्कम शंभर असली तरी चालेल, किती वेळा ते लिहा.